घर निताला, कूलर जाऊबाईंना

मी, पार्वतीबाई तातेराव पतंगे, वय वर्षे सहासष्ट, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार डोंगरकडा, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र माझ्या घराच्या ओसरीत बसून, माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, डाव्याचे व्हायचे आहे. तरी मी काय लिहिते ते मला दिसते आणि कळतेही. मला कोणी धाक दाखवून किंवा गोड बोलून लिहायला बसवलेले नाही. उलट लिहू नये म्हणूनच दोघा-तिघांनी गोड बोलून पाहिले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि हेच शेवटचे समजावे.

वकीलसाहेब म्हणाले, "बाई, एका पानात बसेल. कोणाला काय द्यायचं तेवढंच लिहा." मी म्हटले, साहेब, कोणाला काय ते एका पानात बसेल, पण काहून ते बसणार नाही. आणि काहून ते लिहिले नाही तर माझ्या माघारी माझे नातेवाईक ते आपापल्या मनाने लिहितील. म्हणून पाने जास्त झाली आहेत. माफी मागत नाही.

कलम १. माझी मिळकत

डोंगरकडा गावठाणात तीन खोल्यांचे पत्र्याचे घर, पुढे ओसरी, मागे न्हाणी आणि लिंबाचे झाड. हे घर माझे पती कै. तातेराव यांनी जीप चालवून, स्वकमाईतून बांधले आणि सन २०२१ मध्ये कळमनुरीला जाऊन रीतसर बक्षीसपत्राने माझ्या नावे केले. ग्रामपंचायतीच्या दप्तरी माझेच नाव आहे. बँकेत मुदत ठेव रुपये एक लाख पंच्याऐंशी हजार. शेवया करायचे मोटारीचे यंत्र एक. कूलर एक. घरातली भांडीकुंडी.

कर्ज: निरंक.

हा शब्द मी पुन्हा लिहिते, कारण तो लिहायला मिळावा म्हणून सात वर्षे गेली. निरंक.

कलम २. कर्ज कसे झाले

आमचा एकुलता एक मुलगा भागवत याचे लग्न सन २०१३ मध्ये झाले. नरसी नामदेवला देवळाच्या वाटेवर प्रसादाचे आणि खेळण्यांचे दुकान चालवणाऱ्या माणसाची लेक, निता, आमची सून झाली. तिच्या बापाने साफ सांगितले होते, "आपण देवळात लावू, पन्नास माणसं बोलावू." आमच्या भागवतला ते कमीपणाचे वाटले. मंडप, बँड, गावजेवण. वर्षभराने आरोही झाली. सव्वा महिन्याने निता माहेराहून आली आणि बारसे आमच्या दारात ठरले. त्यालाही मंडप, डीजे आणि दोन मजली केक.

पाळण्याची दोरी बायकांच्या हातात होती, तेव्हा फायनान्सची दोन पोरे मोटारसायकलवरून आली. जीप दाराशी उभी होती आणि पाहुण्यांची लेकरे तिच्यात बसून खेळत होती. एक पोरगा माझ्या नवऱ्याला म्हणाला, "मामा, चावी द्या म्हणून राहिलो, ऐकू येत न्हाई का?"

डीजे चालू होता. तातेराव म्हणाले, "बाबू, लेकरं उतरू दे. मंग ने."

त्यांनी स्वतः एकेक लेकरू काखेत धरून खाली उतरवले. एका लेकराची चप्पल आत राहिली होती, ती काढून त्याच्या पायात घातली. मग चावी दिली. जीप गेली आणि मागे मंडपात कोणी कोणाकडे पाहीना. जेवणे मात्र सगळ्यांनी पोटभर केली, हे मी इथे मुद्दाम नोंदवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपुढे रडत बसले होते. निता लेकरू मांडीवर घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "आई, रडू नंतर. आधी सांगा, एकूण किती हाय?"

कोणालाच माहीत नव्हते. घरातल्या प्रत्येकाने एकेक कर्ज बाकीच्यांपासून झाकून ठेवले होते. तातेरावांनी चुलत भावाकडून काढलेले, मी बायकांच्या गटातून उचललेले, भागवतने मंडपवाल्याचे. जीप नेली तरी तिचे उरलेले होतेच. सोने सराफाकडे होते. किराणा दुकानाची बाकी वेगळी. दुपारपर्यंत एकेक बाहेर येत गेले आणि बेरीज तीन लाख एक्क्याण्णव हजारांवर थांबली. त्या वेळी माझे मानधन पाच हजारांच्या आत होते. तातेरावांच्या हातून जीप गेलेली. निता तेव्हा एकवीस वर्षांची होती. ती म्हणाली, "असू द्या. आता निदान आकडा तरी हाय."

कलम ३. कर्ज कसे फिटले

दोन वर्षांपूर्वी महिलांच्या एका मेळाव्यात मला खुर्चीवर बसवून पाहुण्या बाईसाहेबांनी विचारले, "एवढी वर्षं काटकसर टिकवायची प्रेरणा कुठून मिळाली?" मी म्हटले, रागातून. सभागृह हसले. नंतर छापून आलेल्या अहवालात "कुटुंबावरील प्रेमातून" असे होते. ते चूक आहे. त्याची दुरुस्ती मी इथे करते. रागातून.

आधी कोणाचे फेडायचे यावर आमचे भांडण झाले. माझे म्हणणे, ज्याचे व्याज जास्त त्याचे आधी. हिशेबाने तेच बरोबर होते. निता म्हणाली, "न्हाई आई. आधी किराणावाल्याचं. पाणी आणायला मला रोज त्याच्या दुकानापुढून जावं लागतं. तो गिऱ्हाईकाला सोडून माझ्याकडं पाहतो." रक्कम सगळ्यात लहान, अकरा हजार. पाच महिन्यांत फिटली. दुसऱ्या दिवशी निता घागर घेऊन त्या दुकानापुढून गेली, परत आली आणि घरात पाणी भरलेले असताना पुन्हा गेली. तेव्हा मला तिचे गणित कळले. एकेक कर्ज मिटले की गावातली एकेक गल्ली आम्हाला मोकळी होत होती. मंडपवाल्याचे मिटले तेव्हा बसस्टँडची वाट मोकळी झाली. गटाचे मिटले तेव्हा देवळाची.

काय काय बंद केले ते लिहीत बसत नाही. टीव्ही, डिश, दिवाळीची लुगडी, बाहेरचा चहा, तातेरावांची सुपारी. निताने बापाच्या ओळखीने शेवयांचे जुने यंत्र आणले आणि उन्हाळाभर गावाच्या शेवया करून दिल्या. तातेराव दुसऱ्याच्या जीपवर चालक म्हणून लागले. त्याच वाटेवर, त्याच थांब्यांवर. ओळखीचे लोक विचारायचे, "काहून तातेराव, तुमची कुठं गेली?" ते सांगायचे, "आराम करून राहिली."

रोज जेवताना प्रत्येकाने आज काय घेतले नाही ते सांगायचे, असा निताचा नियम होता. तातेराव एकदा म्हणाले, "फाट्यावर भज्याचा घाणा निघून राहिला होता. म्या जीप वाऱ्याच्या उलट्या अंगाला नेऊन लावली." आम्ही इतके हसलो की लेकरू जागे झाले. लोकांना वाटते आम्ही सात वर्षे तोंडे पाडून काढली. तसे नव्हते.

आता राग. माझे थोरले चुलत दीर कोंडीबा यांच्याकडून दीड लाख घेतले होते, दरमहा शेकडा तीन रुपयांनी. ही भावकी. मुद्दलाच्या दुप्पट तर आम्ही नुसते व्याज मोजले. त्याबद्दलही मी बोलले नसते, कारण घेताना दर ऐकून घेतला होता. पण पूर्वी तातेराव त्यांच्याकडे गेले की भाऊजी बाजेवर सरकून जागा करायचे. कर्ज घेतल्यापासून त्यांनी कधी "बस" म्हटले नाही. व्याज द्यायला गेलेला माणूस पायरीवर उभा राहायचा, भाऊजी सावकाश नोटा मोजायचे, दोनदा, आणि मग नुसती मान हलवायचे. वयाने दोन वर्षांचा फरक. लहानपणी एका ताटात जेवलेले.

शेवटचा पैसा फिटला त्या दिवशी मीही सोबत गेले होते. भाऊजींनी नोटा मोजल्या, बाजेवर सरकले आणि हाताने जागा थोपटून म्हणाले, "बस तातेराव. चहा टाकायला सांगतो."

तातेराव म्हणाले, "दादा, सात वर्षं उभं राहायची सवय लागली. उभाच बरा हाय." आणि आम्ही घरी आलो.

हे कलम माझ्या पश्चात कोंडीबा भाऊजींना मोठ्याने वाचून दाखवावे. त्यांना कमी ऐकू येते म्हणून दोनदा वाचावे. त्यांना माझ्या मिळकतीतून काहीही दिलेले नाही.

कलम ४. शेवयांचे यंत्र

हे निताचेच आहे. मिळकतीत लिहायची चूक झाली. पैसे तिचे, घाम तिचा, मी फक्त पीठ मळले.

कलम ५. कूलर

माझा कूलर मी माझ्या जाऊबाई, कोंडीबा भाऊजींच्या पत्नी रुख्मिणीबाई यांना देत आहे. त्याचे कारण सांगणे भाग आहे.

सन २०१६ मध्ये त्यांच्या मुलीचे लग्न झाले. तोवर आम्ही आहेर देणे बंद केले होते. दर लग्नाला साडी, टॉवेल, टोपी, पाकीट करत राहिलो असतो तर कर्ज आरोहीच्या वाट्याला गेले असते. पण रिकाम्या हाताने जायचे नाही म्हणून मी पहाटेच जाऊन पुऱ्या लाटायला बसायचे आणि यजमानाला सांगायचे, हा माझा आहेर. बऱ्याच घरांनी तो मानाने घेतला. जाऊबाईंच्या मंडपात आहेर माइकवर वाचत होते. अमक्याची पैठणी, तमक्याची पाच भांडी. मग वाचणाऱ्या पोराने नाव घेतले, "पार्वतीबाई तातेराव पतंगे..." आणि थांबला. जाऊबाई पुढे वाकल्या आणि माइकमध्ये म्हणाल्या, "पुऱ्या!"

सगळा मंडप हसला. मी कढईपाशी होते, कोपरापर्यंत पीठ. तातेराव पंगतीत पाण्याचा जग घेऊन फिरत होते. ते थांबले नाहीत. पुढच्या माणसाच्या पेल्यात पाणी ओतले आणि त्याच्या पुढच्याच्या. मीही उठले नाही. उरलेले पीठ लाटून संपवले. साडेसहाशे माणूस त्या पुऱ्या खाऊन गेले, एकाही ताटात उष्ट्या दिसल्या नाहीत. घरी आल्यावर निताला म्हटले, "सोनं सोडवायचं होतं ते राहू दे. आता जीपवाल्यांचं मिटवू आणि मग भाऊजींचं." त्या एका शब्दावर आम्ही दोन वर्षे जास्त नेटाने काढली. त्यासाठी जाऊबाईंचे आभार मानायला हरकत नाही, पण मी मानत नाही.

आता कूलरचे. सन २०१८ च्या उन्हाळ्यात आरोही चार वर्षांची होती. तिच्या अंगावर घामोळ्या उठल्या, मानेवर पिकल्या. तातेराव एके दिवशी कूलर घेऊन आले. हप्त्यांवर. जीपच्या टपावर बांधून आणला होता आणि उतरवताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी लग्नानंतर फार थोड्या वेळा पाहिला. निताने कूलर पाहिला आणि खाली बसली. म्हणाली, "मामा, परत द्या."

तातेराव कधी तिच्यावर ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. "लेकराच्या अंगाची आग होऊन राहिली अन् तुमी दोघी पैसा पैसा करून राहिल्या! माणसं हाव का कोण हाव?"

निता म्हणाली, "मामा, लेकरू माझं हाय. मला दिसत न्हाई का? एक हप्ता आणला की दुसरा येतो. मंग परत कोणीतरी दारात येऊन चावी मागंल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो परत नेला. आम्ही खिडक्यांना गोणपाट बांधले आणि पाणी मारत राहिलो. लेकराला रात्री ओल्या धोतराच्या तुकड्यात निजवायचो. तातेराव आठ-दहा दिवस आमच्याशी बोलले नाहीत. मग एका रात्री जेवताना निताने विचारले, "मामा, आज काय घेतलं न्हाई?" तर म्हणाले, "कूलर." कोणी हसले नाही.

सन २०२१ मध्ये सगळे फिटल्यावर पहिली वस्तू आम्ही कूलरच घेतली. रोख. दुकानदाराने हप्त्यांचा कागद पुढे केला तर तातेरावांनी तो उलटा करून त्यावर नोटा ठेवल्या. दोन उन्हाळे ते त्या वाऱ्यात निजले. सन २०२३ च्या पावसाळ्यात त्यांना हृदयाचा झटका आला. नांदेडला मोठ्या दवाखान्यात ठेवले, अकरा दिवस जे जे सांगितले ते ते केले, आणि सगळे बिल घरच्या पैशातून भरले. कोणाच्या दारात जावे लागले नाही. माणूस राहिला नाही, ते कोणाच्या हातात नव्हते.

तिसऱ्या दिवशी बायका भेटायला आल्या. जाऊबाई माझ्या शेजारी टेकल्या, पदर डोळ्याला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "पैसा वाचवू वाचवू तातेरावाच्या जिवाला खाल्लं हिनं."

मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. उत्तर द्यायचे तर उठावे लागले असते आणि अंगात उठायची ताकद नव्हती. उत्तर आता देते. जाऊबाई, आमच्या अंगावर कर्ज असते तर त्या अकरा दिवसांतला एक दिवसही तातेरावांना मिळाला नसता. दाखल करून घ्यायलाच आगाऊ रक्कम मागतात. ती आम्ही भरली तेव्हा तुम्ही कुठे होता? कूलर घेऊन जा. सुरू करा आणि त्याच्यासमोर बसून आपले वाक्य एकदा आठवा. पंप दोन वर्षांपूर्वी बदललेला आहे. वस्तू चांगली आहे. मी खराब वस्तू कोणाला देत नाही.

कलम ६. घराबाबत, आणि भागवतला ते का नाही

भागवत माझा मुलगा आहे. तो वाईट नाही. दारू पीत नाही, बायकोवर हात उचलत नाही. पुण्याकडे कंपनीत होता तेव्हा पहिली दोन वर्षे दरमहा तीन हजार पाठवले, हे मी विसरलेले नाही. मग मोटारसायकल घेतली, हप्त्यावर, आणि पाठवणे थांबले. लॉकडाऊनमध्ये परत आला. आता इथेच मोबाइलच्या दुकानात कामाला आहे.

यंदा दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात मी ओसरीत तुरीची डाळ निवडत बसले होते. एक शर्ट खोचलेला पोरगा फाटकातून आत आला आणि टेप काढून भिंत मोजू लागला.

"कोण रे तू?"

"मोजमाप करून राहिलो मावशी. कर्जाची केस हाय."

"कोणाच्या घराची?"

"भागवतभाऊच्या."

"भागवतचं घर कुठं हाय?"

त्याने टेपचे टोक माझ्या पायाशी धरले. "हेच की."

निता आतून आली. हाताला शेवयांचे पीठ होते. तिने काही न बोलता टेपवर पाय ठेवला. पोरगा ओढू लागला, टेप येईना. मग ती म्हणाली, "ह्या बसल्या हायत ना, त्यांचं घर हाय हे. त्यांना विचारलं का?" पोरगा टेप तिथेच सोडून फोन लावायला फाटकाबाहेर गेला.

संध्याकाळी भागवत आला. मी विचारले, किती? आठ लाख. कशाला? चारचाकी घेऊन भाड्याने चालवायची आणि पुढे स्लॅबच्या दोन खोल्या काढायच्या. किती वर्षांचे हप्ते? बारा. मी म्हटले, "बारा वर्षांत तुझी लेक तेवीस वर्षांची होईल. तिच्या लग्नाला परत काढशील."

तो चिडला. "आई, सगळं गाव पुढं गेलं. आपण काय जन्मभर पुऱ्याच लाटायच्या का?"

मग तो हळू आवाजात म्हणाला, "जिथून बापाची जीप नेली ना, त्याच जागी मला गाडी उभी करायची हाय."

हे ऐकून माझा जीव कळवळला, ते मी लपवत नाही. बारशाच्या दिवशी तो डीजेच्या पेटीशेजारी उभा होता, बापाला लेकरे उतरवताना पाहत होता, आणि मला वाटले होते त्याला काही लागले नाही. लागले होते. माझ्या पोटात होता तोच राग त्याच्याही पोटात होता. पण मी त्याला म्हटले, "बाबू, राग आला म्हणून आमी कर्ज फेडलं. तू राग आला म्हणून कर्ज काढून राहिला. न्हाई. माझ्या घराचा कागद मिळणार न्हाई."

"मंग काय वर घेऊन जाणार हाय घर?"

"न्हाई," मी म्हटले, "देऊन जाणार हाय." त्याच रात्री हे मृत्युपत्र करायचे ठरले.

सबब, कलम १ मध्ये वर्णन केलेले घर जागेसह मी माझी सून निता भागवत पतंगे हिला पूर्ण मालकी हक्काने देत आहे. भागवतला त्यात राहण्यास माझी हरकत नाही. निताची आहे की नाही हे त्याने तिला विचारावे, आणि नीट विचारावे. घर गहाण टाकणे, तारण देणे किंवा कोणाच्या कर्जाला जामीन ठेवणे माझ्या इच्छेविरुद्ध आहे. वकीलसाहेब म्हणतात, मालकी दिल्यावर अशी अट कोर्टात टिकेलच असे नाही. न टिको. ती टेपवर पाय ठेवणारी बाई आहे.

सुनेला घर दिले म्हणून गावात बोलतील. सासू-सून भांडत नाहीत म्हणून इथे कोणाला बोलायला काही सुचत नव्हते, आता सुचेल.

कलम ७. भागवतसाठी

मुदत ठेवीपैकी एक लाख रुपये भागवतला, गाडीसाठी. अट अशी की गाडी जुनी घ्यावी, उरलेली रक्कम त्याने स्वतःच्या कमाईतून साठवलेली असावी, आणि गाडी दाराशी येईल त्या दिवशी तिच्यावर कोणाचा एक रुपयाही हप्ता नसावा. माझ्या मृत्यूपासून पाच वर्षांत असे न झाल्यास ते लाख रुपये निताला. झाल्यास गाडी त्याने त्याच जागी उभी करावी. मी नसेन, पण माझी ना नाही.

कलम ८. माझ्या पश्चात

तेराव्याला मंडप घालू नये. पिठले-भाकरी आणि गुळाचा सांजा करावा, आणि जे मनाने येतील त्यांना वाढावा. त्यासाठी कोणी उसने आणल्याचे आढळल्यास तो कार्यक्रम माझा नाही असे समजावे.

कलम ९. आरोही

हे कलम लिहायला सगळ्यात जड गेले.

आरोही आता अकरा वर्षांची आहे, सहावीत. गेल्या महिन्यात तिचे सर मला बाजारात भेटले आणि म्हणाले, "आजी, सहलीला फक्त आरोहीचंच नाव नाही. घरून नाही म्हणाले म्हणते." सहल वेरूळची, अकराशे रुपये. घरी कोणी नाही म्हटलेच नव्हते, कारण तिने कोणाला विचारलेच नव्हते.

मी घरी येऊन म्हटले, "काहून गं, सांगितलं न्हाई?"

ती वही गुंडाळत म्हणाली, "आजी, सहल काय गरजेची हाय का?"

माझ्याच तोंडचे वाक्य, माझ्याच आवाजात. मग मी आठवू लागले. हे पोरगं जत्रेत कधी काही मागत नाही. बर्फाच्या गोळ्याच्या गाडीपुढून जाताना दुसरीकडे पाहते. वाढदिवसाला काय हवे विचारले तर म्हणते, आहे सगळे. लोक कौतुक करतात, किती समजूतदार लेकरू. मीही कौतुकाने ऐकत आले. त्या दिवशी मला ते कौतुक करणाऱ्या सगळ्यांचा राग आला. आम्ही भजी खाल्ली नाहीत ती या लेकराने खावीत म्हणून. कर्ज मिटून चार वर्षे झाली, आणि ते अजून या अकरा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात बसले आहे. तिने कोणाकडून घेतले होते?

म्हणून मुदत ठेवीपैकी उरलेले रुपये पंच्याऐंशी हजार मी माझी नात आरोही हिला देत आहे, पुढील अटींवर. या रकमेतून शाळेची फी, पुस्तके, दवाखाना, कपडे किंवा लग्न यांपैकी कशावरही खर्च करू नये. ते तिच्या आईबापाचे काम आहे. ही रक्कम फक्त गरजेच्या नसलेल्या गोष्टींसाठी आहे. सहल, झोका, रंग, जत्रेतला पाळणा, समुद्र पाहायला जाणे, मैत्रिणींना घेऊन आइस्क्रीम. काय घ्यायचे ते आरोहीने ठरवावे, आणि चुकीचे घेतले तरी कोणी बोलू नये. ही रक्कम पुन्हा ठेवीत ठेवण्यास सक्त मनाई आहे, विशेषतः निताला, कारण मी तिला ओळखते. आरोही अठरा वर्षांची होईपर्यंत हे पैसे संपलेले असले पाहिजेत.

कलम १०. व्यवस्था

या मृत्युपत्राची अंमलबजावणी मिना दिपक चव्हाण यांनी करावी. माझ्या अंगणवाडीत त्या मदतनीस होत्या, आज माझ्या जागी सेविका आहेत. एवढ्या वर्षांत त्यांनी खाऊच्या डब्यातला एक दाणा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. हे मृत्युपत्रही त्यांनी तसेच सांभाळावे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, दोन ठिकाणी शब्द जरा सौम्य केले आणि मग परत होते तसे केले. साक्षीदारांसमोर सही करीत आहे. त्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

सही: पार्वतीबाई तातेराव पतंगे

साक्षीदार:
१. गोपीचंद राठोड, जीपचालक, तातेरावांचे वाटेवरचे सोबती. (सही करण्यापूर्वी म्हणाले, "वहिनी, भज्याचं खरं हाय. म्या सोबत होतो.")
२. पेमा आडे, शिक्षिका.

स्थळ: डोंगरकडा
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

ता. क. दिनांक १५ डिसेंबर. आज सकाळी मी शाळेत जाऊन आरोहीच्या सहलीचे अकराशे रुपये भरले. वरील पंच्याऐंशी हजारांतून नव्हे, माझ्या हातखर्चातून. आरोहीला सांगितले तर तिने आधी वह्या दप्तरात भरल्या. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारले, "आजी, खिडकीची जागा मिळंल का?" मी परत शाळेत गेले आणि सरांना सांगून आले. मिळालीच पाहिजे.

सही: पार्वतीबाई तातेराव पतंगे